कागदाचं चिलखत, रांगोळीची जादू: घरच्या टेबलावर अर्ध्या मिनिटाचं कार्टून

मे महिन्यात नागपुरात सकाळी दहानंतर पोरांना बाहेर सोडवत नाही, आणि विदर्भातल्या शाळा उघडतात बाकीच्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटी. घरात टीव्हीवर चिलखतातले नाइट (जुन्या युरोपातले घोडेस्वार लढवय्ये), जादूगार आणि किल्ले चालू असतात. त्याच धर्तीचं अर्ध्या मिनिटाचं कार्टून पोरांना स्वतः करता येतं: कागदी बाहुला किंचित हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा. असा एकेक फोटो म्हणजे एक फ्रेम. त्यासाठी कार्डशीट, एक मोबाइल, दोन टेबललॅम्प आणि पाच-सहा सकाळी पुरतात. आठ ते बारा वयाची तीन मुलं असली तर उत्तम: एक कागद हलवणार, एक बटण दाबणार, एक वहीत फ्रेमचा हिशेब ठेवणार. कामं रोज बदलावीत, नाहीतर हलवणाऱ्यालाच सगळी मजा येते.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. कागदी अ‍ॅनिमेशनमध्ये जादू फुकट मिळते, पण वजन कमवावं लागतं. माणूस गायब करायचा तर कागद उचलला की झालं. पण पोलादी चिलखत घातलेला माणूस जमिनीवर पाय टाकतोय हे डोळ्यांना पटवायला प्रत्येक फ्रेममध्ये विचार लागतो. मुलं नेमकं उलटं करतात. सगळा वेळ मंत्र आणि ठिणग्यांवर जातो आणि नाइट पतंगासारखा तरंगत राहतो. म्हणून इथे चालण्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

गोष्ट बेतायची कशी

टीव्हीवरच्या अशा मालिकेचा भाग साधारण ११ किंवा २२ मिनिटांचा असतो. आपण सेकंदाला १२ फ्रेम धरतो. म्हणजे ११ मिनिटांना ७९२० फोटो झाले, आणि ते सुट्टीत संपत नाहीत. ३० सेकंदांना ३६० लागतात, ते होतात. एवढ्या वेळात एक पात्र, एक मंत्र आणि त्या मंत्राचा एक परिणाम मावतो. दुसरा जादूगार आणू नका.

मध्ययुगीन युरोपात सरदारघराण्यातला मुलगा साधारण सातव्या वर्षी दुसऱ्या सरदाराच्या वाड्यावर शागीर्द म्हणून जाई, चौदाव्या वर्षाच्या सुमारास नाइटचा मदतनीस होई, आणि सगळं नीट झालं तर एकविसाव्या वर्षाच्या आसपास नाइट. त्यामुळे आपला नायक नाइट नको, शागीर्द घ्या. त्याला रोजची कामं असतात आणि पाहणाऱ्या मुलांच्या वयाचाही तोच. कड्यांचं चिलखत गंजू नये म्हणून ते वाळूसोबत पिंपात घालून लोळवत, वाळूच्या घासण्याने गंज निघे. गोष्टीला एवढा धागा पुरतो: पिंप ढकलून कंटाळलेला शागीर्द मंत्र म्हणतो, कोपऱ्यातलं पत्र्याचं चिलखत आपोआप जुळून उभं राहतं, चालत येतं, आणि शागिर्दालाच पिंपात घालून ढकलायला लागतं.

या गोष्टीचा मोठा फायदा असा की चालणारं चिलखत रिकामं आहे. त्याला डोळे नाहीत, ओठ नाहीत, संवाद नाहीत. निम्मं काम तिथेच वाचतं.

फ्रेमची वाटणी अशी करा: पिंप ढकलणं ६०, मंत्र आणि ठिणग्या ४८, चिलखत जुळणं ७२, चिलखत चालत येणं १०८, शेवटची फजिती ७२. एकूण ३६०. वहीत प्रत्येक शॉटला एक पान द्या आणि दर दहा फ्रेमला एक खूण करत जा.

बाहुला कापताना

कार्डशीट २५० ते ३०० जीएसएमची (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची) घ्या. सीताबर्डीवर, महालात, इतवारीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. यापेक्षा पातळ कागद सांध्यापाशी दुमडतो आणि जाडजूड पुठ्ठा घेतला तर प्रत्येक अवयवाची सावली खालच्या अवयवावर पडते. चिलखतासाठी मात्र लग्नसराईत घरात जमलेल्या पत्रिका बाहेर काढा. त्यांचा चंदेरी आणि मळकट सोनेरी कागद पोलादासारखा दिसतो. फार चकचकीत फॉइल असेल तर बारीक पॉलिश पेपर एकाच दिशेने हलका फिरवा. चमक मरते आणि घासलेल्या धातूचा पोत येतो. वर आलेला गणपती किंवा नाव कापून बाजूला ठेवायला विसरू नका.

उंची १५ सेंटिमीटर ठेवा. चिलखताचे तुकडे अकरा: शिरस्त्राण, त्याची पुढची झडप, धड, दोन दंड, दोन कोपराखालचे हात, दोन मांड्या, दोन पोटऱ्या. पोटरी आणि पाऊल एकच ठेवलं तरी चालतं. शागिर्दाचंही असंच, फक्त झडपेऐवजी त्याला तीन तोंडं हवीत: मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं.

सांध्याची जागा नीट समजून घ्या, कारण इथे चुकलं की पूर्ण बाहुला वाया जातो. जोडणाऱ्या दोन्ही तुकड्यांची टोकं अर्धगोल कापायची, गोलाचा व्यास साधारण १२ मिलिमीटर, आणि भोक त्या गोलाच्या बरोब्बर मध्यावर. भोक मध्यावर नसेल तर गुडघा वाकवल्यावर मांडी आणि पोटरीमध्ये फट दिसते. दाभणाने भोक पाडा, दुहेरी सुती दोरा आरपार घ्या, पुढून बारीक गाठ, मागे दोरा चपटा करून चिकटपट्टी. सांधा इतपत घट्ट हवा की बाहुला हातात उभा धरला तर पाय लोंबकळेल पण डुलत राहणार नाही. ढिला सांधा म्हणजे दर फ्रेमला नको तो हात सरकणार.

तुकडे एकमेकांवर चिकटवायला ग्लू स्टिक वापरा. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने कार्ड वाकतं आणि कूलरच्या दमट हवेत ते पुन्हा सरळ होत नाही. कटर मोठ्यांच्याच हातात असू द्या.

ढालीवरच्या रंगांसाठी युरोपातल्या ढालचिन्हांचा जुना नियम अजूनही सगळ्यात कामाचा आहे. सोनेरी आणि रुपेरी, म्हणजेच पिवळा आणि पांढरा, हे ‘धातू’. लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. लांबून, धुरळ्यातही खूण ओळखू यावी म्हणून फिक्यावर गडद किंवा गडदावर फिकं. मोबाइलच्या पडद्यावर ढाल नखाएवढी दिसते, तिथेही हेच लागू पडतं. निळ्या ढालीवर पिवळा वाघ उठून दिसतो, लाल ढालीवर निळा वाघ नाहीसा होतो. संत्रं काढायचंच असेल, आणि नागपूरची मुलं ते काढणारच, तर ते पांढऱ्या ढालीवर काढा.

किल्ला

मागचं चित्र ए-थ्री कागदावर, म्हणजे ४२ बाय २९.७ सेंटिमीटर. पडदा आडवा असल्याने त्यातली उंची साधारण २३ सेंटिमीटरच दिसेल, वरखाली महत्त्वाचं काही काढू नका. रंग फिके ठेवा, नाहीतर चिलखत भिंतीत मिसळतं. रामटेकजवळचा नगरधनचा किल्ला मुलांनी पाहिला असेल तर तिथले बुरूज आठवून काढू द्या. भिंतीची जाडी कशी दाखवायची ते लगेच कळतं. आपल्याकडच्या जंग्या, म्हणजे तटातली बंदुकीची भोकं, आणि युरोपातल्या किल्ल्यांमधल्या बाण मारायच्या फटी यांचं काम एकच: बाहेरून अरुंद, आतून रुंद. फरक दाखवायचा असेल तर खंदक आणि साखळीने उचलता येणारा लाकडी पूल काढा. जमीन म्हणून एक सरळ रेघ हवी. तिच्यावरच पाय टेकणार आहेत.

टेबल, मोबाइल, उजेड

दोन सारख्या उंचीची स्टुलं, त्यांच्यावर आडवी फळी, फळीला मोबाइल होल्डर, आणि कॅमेरा सरळ खाली पाहणारा. ए-थ्री कागद मावायला कॅमेऱ्यापासून टेबलापर्यंत सुमारे ४० सेंटिमीटर अंतर लागतं. नेहमीची लेन्स ठेवा. वाइड लेन्सने कडेचे बुरूज वाकडे येतात. स्टुलांचे पाय जमिनीवर आणि कागदाचे चारही कोपरे टेबलावर चिकटपट्टीने पक्के करा.

स्टॉप मोशन स्टुडिओसारखं अ‍ॅप घ्या. त्यात आधीची फ्रेम फिकट दिसण्याची सोय असते, ती कायम चालू ठेवायची. फोटो पडद्याला हात लावून काढू नका, दर वेळी कॅमेरा केसभर हलतो. ब्लूटूथचं बटण नसेल तर वायरवाल्या इअरफोनवरचं आवाजाचं बटण बहुतेक फोनमध्ये चालतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका.

पूर्ण चित्रफीत लुकलुकली तर त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: कॅमेरा दर फोटोला उजेड आणि रंग स्वतः ठरवतो. फोकस, एक्स्पोजर (उजेड), व्हाइट बॅलन्स (रंग) तिन्ही लॉक करा. हाताने आकडे घालता येत असतील तर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० ते २००, शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिव्याची धडधड १/५० किंवा १/१०० मध्ये सम बसते, इतर आकड्यांना फोटोत कमी-जास्त उजेड येतो. दोन एलईडी टेबललॅम्प डाव्या-उजव्या बाजूने ४५ अंशांत लावा आणि खिडकीचे पडदे पूर्ण बंद करा. सूर्य सरकतो आणि एका शॉटमध्ये सकाळची दुपार होते. हलवणाऱ्याने पांढरा शर्ट घालू नये. तो टेबलाशी वाकला-उठला की कागदावरचा उजेड बदलतो.

आता कूलर. कूलर आणि पंखा दोन्ही बंद करूनच शूट होतं, म्हणून वेळ सकाळी सहा ते साडेनऊची. दुपारी कूलर लावून कागदांवर काच ठेवायची कल्पना सगळ्यांना सुचते, पण काचेत दिवे दिसतात आणि दर फ्रेमला ती उचलावी लागते. त्यात काही राम नाही. रात्री शूट केलं तर शेजारपाजारचे एसी सुरू झाले की व्होल्टेज खालीवर होतं आणि साधे दिवे मंद होतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, फोनही तापतो आणि कॅमेरा मध्येच बंद पडतो. कव्हर काढा, चार्जिंगला लावलेला फोन दर अर्ध्या तासाने थंड होऊ द्या. एकदा घेतलेला शॉट त्याच बैठकीत संपवा. वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे धरलं तर जोड दिसतोच.

पिंप

पिंपाची गोल बाजू आपल्याकडे. व्यास ५ सेंटिमीटर, म्हणजे परीघ १५.७. कडेने घड्याळासारख्या १२ खुणा करा. एक खूण फिरली की पिंप १३ मिलिमीटर पुढे जायला हवं. आपल्या वेगाला दर फ्रेमला अर्धी खूण आणि साडेसहा मिलिमीटर हा हिशेब बसतो. फिरणं आणि सरकणं यांचं गणित चुकलं की पिंप बर्फावरून घसरल्यासारखं दिसतं. पहिल्या पाच-सहा फ्रेम कमी सरकवा, जड पिंप एकदम वेग घेत नाही.

ठिणग्या

मंत्राआधी शागिर्दाचा हात वर गेला की आठ फ्रेम काहीच हलवू नका. हा थांबा नसेल तर जादू झाली कधी तेच कळत नाही. मग रांगोळी. दोन चमचे पांढरी रांगोळी, एक चमचा पिवळी, कोरडा चित्रकलेचा ब्रश. कागदावर थेट टाकली तर पुसल्यावर धूसर पट्टे राहतात, म्हणून वर ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) ठेवा आणि तिच्यावर रांगोळी भुरभुरा. पहिल्या फ्रेमला हाताच्या टोकाशी चिमूटभर, पुढच्या प्रत्येक फ्रेमला ब्रशने बाहेरच्या बाजूला लोटत जायचं, मधला भाग रिकामा करत. दहा-बारा फ्रेममध्ये वलय पसरतं. पीठ किंवा टाल्कम पावडर वापरू नका, श्वासानेही उडते.

पिवळ्या जिलेटिन पेपरने पूर्ण चित्र चमकवता येतं, पण एक फ्रेम पिवळी, एक साधी असं कधीच करू नका. १९९७ साली जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटाने शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमक नको. तीन फ्रेम पिवळ्या, तीन साध्या ठेवल्या तर सेकंदाला दोनच होतात, आणि दिसायलाही ते जास्त चांगलं.

चिलखत जुळताना

हा शॉट उलटा शूट करायचा. पूर्ण जोडलेल्या चिलखतापासून सुरू करा आणि तुकडे सुटे करत न्या, मग अ‍ॅपमध्ये उलटं चालवा. यासाठी दोऱ्याने न जोडलेला तुकड्यांचा दुसरा संच लागेल. खरं चिलखत पायांपासून वर चढवत आणि शिरस्त्राण शेवटी घालत. म्हणून शूट करताना शिरस्त्राण आधी काढा. तुकडा निघताना पहिल्या फ्रेमला २५ मिलिमीटर, मग १५, १०, ५, २. उलटं चालवल्यावर तो हळू सुरू होऊन वेगाने येतो आणि खटकन बसतो. सगळी अंतरं सारखी ठेवली तर तुकडे लोणी लावल्यासारखे सरकत येतात.

कॅमेरा थांबवून वस्तू बदलण्याची ही युक्ती फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस १८९६ पासून वापरत होते. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून पडद्यावर रोप भराभर वाढवलं. मुलांना हे सांगून ठेवा. आपण करतोय ते मोबाइलच्या अ‍ॅपने शोधलेलं नाही, हे कळलं की ती जास्त मन लावून करतात.

चालणं

पूर्ण पोलादी चिलखताचं वजन १५ ते २५ किलो असे. घरी येणाऱ्या २० लिटरच्या पाण्याच्या कॅनएवढं. पण कॅन एका हाताला ओढतो आणि चिलखत अंगभर वाटलेलं असतं. सराव असलेला नाइट ते घालून धावू शके, घोड्यावर चढू शके. म्हणून जडपणा दाखवायचा म्हणजे नुसतं हळू चालवायचं नाही. वजन दिसतं ते सुरू होताना आणि थांबताना.

साध्या माणसाच्या पावलाला सहा फ्रेम लागतात, चिलखताला नऊ द्या. एक पाऊल ३ सेंटिमीटर. धड पुढे सरकवायचं ते असं: २, २, ३, ४, ५, ६, ५, २, १ मिलिमीटर. पहिल्या दोन फ्रेममध्ये, पाऊल टेकल्या टेकल्या, धड ३ मिलिमीटर खाली बसवा आणि पुढचा गुडघा किंचित वाकवा. तिसऱ्या-चौथ्याला खालीच ठेवा. पाचव्या-सहाव्याला मागचा पाय पुढच्याजवळून जातो, तेव्हा धड सगळ्यात वर. सातव्या-आठव्याला पाय झपकन पुढे, नवव्याला टाच जमिनीवर. १०८ फ्रेममध्ये बारा पावलं आणि ३६ सेंटिमीटर अंतर होतं, कागदात बरोबर मावतं.

धड खाली बसवणं हाच पूर्ण खेळ आहे. ते तीन मिलिमीटर गाळले तर बाकी काहीही करा, चिलखत पत्र्याचं न वाटता कागदाचंच वाटतं.

टेकलेला पाय पुढचं पाऊल पडेपर्यंत जागचा हलता कामा नये. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण धड सरकवताना पाऊलही ओढलं जातं. टेकलेल्या पावलाखाली ग्लू टॅकचा (चिकटून पुन्हा निघणाऱ्या लगद्याचा) मोहरीएवढा गोळा लावा आणि फिकट दिसणाऱ्या आधीच्या फ्रेमशी ते जुळवून पाहा. म्यानातली तलवार धडाच्या एक फ्रेम मागे ठेवा, शिरस्त्राणावर लावलेला तुरा दोन फ्रेम मागे. चिलखत थांबलं की तुरा पुढे झुकून परत येईल, आणि तेवढ्यानेही वजन वाढतं.

तलवार चालवायचीच असेल तर ती जड दाखवू नका. दोन हातांनी धरायची लांब तलवारही साधारण दीड किलोच्या आतबाहेर असे. चार फ्रेम मागे घेणं, दोन फ्रेममध्ये वार, चार फ्रेम स्तब्ध.

आवाज

शागिर्दाचं वाक्य शूटिंगच्या आधी रेकॉर्ड करा आणि त्याला किती सेकंद लागतात ते मोजून फ्रेम ठरवा. डब केलेल्या कार्टूनची मराठी त्याच्या तोंडी घालू नका. पिंपाला टेकून तो “माह्याच्यानं नाही होत!” म्हणाला की पोरगा जिवंत होतो. तोंड दर दोन फ्रेमला बदललं तरी पुरतं. फक्त म, प, ब, भ या अक्षरांना ओठ मिटलेले हवेत, ते चुकलं तर लगेच खटकतं.

चिलखताच्या पावलाला नुसता किल्ल्यांचा जुडगा वाजवला तर आवाज पातळ येतो. जुडगा रुमालात गुंडाळून लाकडी पाटावर आपटा आणि त्याच वेळी दुसऱ्याने स्टीलच्या डब्याचं झाकण हलकं घासा. आवाज बसवायचा तो टाच टेकते त्याच फ्रेमवर, म्हणजे प्रत्येक नवव्या. तुकडे जुळतानाच्या ‘खट्’साठी चिमटा आणि पळी. पिंपासाठी पातेल्यात मूठभर वाळू किंवा कच्चे तांदूळ गोल फिरवा. रेकॉर्डिंग करतानाही कूलर बंद, आणि फोनभोवती गोधडीचा तंबू, नाहीतर खोलीचा घुमारा येतो.

दुसऱ्या भागात मुलं ड्रॅगन मागतील. तो पूर्ण कापायच्या फंदात पडू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे भलामोठा पुतळा, मिरवणुकीत निघते तेव्हा गर्दीतल्या पोराला ती एका नजरेत मावत नाही, मान वर करून तुकड्या-तुकड्याने पाहावी लागते, म्हणून ती मोठी वाटते. ड्रॅगनचंही तसंच करा: फ्रेमभर एक डोळा, मग एक पंजा, मग भिंतीवरून सरकणारी शेपूट. शेपटीचे सात तुकडे पुरेत. पहिला तुकडा वाकला की पुढचा एका फ्रेमनंतर वाकवा, त्यापुढचा आणखी एका फ्रेमनंतर. लाट शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचली की पहिला तुकडा उलट दिशेला वळवायला घ्या.